रपट्यावरची जीप

चहा अवश्य घ्या, पण माझ्यासमोर जीपची स्तुती करू नका.

मी पांढुर्ण्याला शाळामास्तर होतो, त्या वर्षांत तिथले व्यापारी बसक्या मोटारी विकून जीप घेत होते. संत्र्याचे व्यापारी वसंतराव यांनीही घेतली. मोटार असताना रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावर, पाणी दिसले की ते थांबत, उतरून काठीने खोली पाहत. जीप आल्यापासून त्यांनी उतरणे सोडले.

त्या श्रावणात त्यांच्यासोबत आम्ही सौंसरला निघालो. मागे माझी पत्नी व सहा वर्षांची मुलगी होती. वाटेतल्या नाल्याचे गढूळ पाणी रपट्यावरून वाहत होते.

"वसंतराव, पाणी चढून राहिलं. थांबा."

"गुरुजी, हे काई बसकी मोटार नोहे. जीप आहे जीप! बसा बिनधास्त."

मध्यावर चाके उचलली आणि जीप आडवी सरकू लागली. मुलीने मागून माझा गळा आवळला. मी रामनाम घेत होतो. वसंतराव स्टिअरिंग उलटसुलट फिरवत होते. अखेर चाके टेकली आणि आम्ही पलीकडे लागलो.

वळून पाहिले, तर दुसरी जीप पाण्यात उतरत होती. आत बायका-लेकरे दाटीने बसली होती. वसंतराव दोन्ही हात हलवून ओरडले, "येऊ नका!" पाण्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेले नाही. तीही जीप आडवी सरकली. आतल्यांची उघडी तोंडे दिसली, किंकाळ्या ऐकू आल्या नाहीत.

देवाने तिलाही तारले. तिचा चालक उतरून आमच्याकडे आला.

"मराचं होतं काय बे?" वसंतराव कडाडले.

तो म्हणाला, "तुमची निघाली, म्हणून तं टाकली, भाऊ."