कागदाची मागची बाजू

सुधा : म्हणजे या वहीत चिकटवलेली सगळी चित्रं यांचीच?

जयंत : सगळी, वहिनी. दिवाळी अंकांतली, साप्ताहिकांतली. हे एक तर वाण्याच्या पुडीवर सापडलं. पुडी सोडली, डाळ दुकानातच परत केली आणि कागद घेऊन घरी आलो. बायको डाळीची वाट बघत बसली होती.

सुधा : तुम्ही नवसारीला शाळेत चित्रकला शिकवता म्हणालात. मुलांना असली चित्रं दाखवता?

जयंत : हीच दाखवतो. हा रेशनच्या रांगेतला म्हातारा बघा. खांद्यापासून टाचेपर्यंत एकच रेघ आहे, टाक कुठे उचललेला नाही. तरी त्याचे गुडघे दुखतायत हे कळतं की नाही?

सुधा : कळतं. आमच्या मामंजींचेच गुडघे आहेत ते.

जयंत : बघा. आणि ही मागची गर्दी. दुसरा कुणी असता तर वीस तोंडं काढून बसला असता. बेलसऱ्यांनी नुसत्या पिशव्या काढल्यात. पिशवीवरून माणूस ओळखू येतो. चंद्रकांत बेलसरे म्हटलं की लोक मला विचारतात, हे कोण? चीड येते मला. एवढा मोठा व्यंगचित्रकार, आणि जन्मभर सुरतेच्या मिलमध्ये साड्यांवर वेलबुट्ट्या काढत बसला.

सुधा : वेलबुट्ट्यांवरच चूल पेटली, जयंतराव. चित्रांनी काय पेटलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

जयंत : पासष्टनंतर एकही छापलेलं नाही, एवढं ठाऊक आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच हातून अंक हुकतायत.

सुधा : त्या साली यांनी एका पाणपोईचं चित्र काढलं होतं. तुमच्या वहीत असेल.

जयंत : आहे ना. शेठच्या नावाची पाटी हत्तीएवढी आणि खाली माठ पेल्याएवढा.

सुधा : मिलच्या दारात अगदी तशीच पाणपोई होती. कुणीतरी अंक नेऊन शेठना दाखवला. नोकरीवरून काढलं नाही, पण यांना डिझाइनच्या टेबलावरून उठवलं आणि रंगखात्यात पिंपांपाशी उभं केलं. दोन वर्षं. पुन्हा टेबलावर बसवलं, पण ती वाफ छातीत बसली ती बसलीच. शेवटी तिनेच नेलं. मी त्यांना देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली होती, या घरात पुन्हा व्यंगचित्र निघणार नाही. त्यांनी घेतली. आणि पाळली.

जयंत : वहिनी, कसं सांगू कळत नाही. त्यांनी ती पाळली नव्हती.

सुधा : मी आठ वर्षं त्यांच्या शेजारी याच कॉटवर बसून भाजी निवडलीय. आजारपणात मिलने काम घरी दिलं तेव्हाही. कोयऱ्या, मोर आणि बॉर्डरी. दुसरं काही नाही.

जयंत : हे त्यांचं पत्र आहे. यंदाच्या श्रावणातलं. वाचता?

सुधा : तुम्हीच वाचा. त्यांचं अक्षर मला आत्ता बघवणार नाही.

जयंत : ‘जयंतराव, सप्रेम नमस्कार. नवी चित्रं कोणत्या अंकात आली म्हणून दर वर्षी विचारता. छापायला देत नाही, पण थांबली नाहीत. मिलने नापसंत केलेल्या डिझाइनच्या मागच्या बाजूला काढत असतो. कागद फार सुरेख असतो, आणि सुधा मिलच्या कागदाला कधी हात लावत नाही. फार सरळ बाई आहे. साठेक तरी झाली असतील. काळ्या ट्रंकेत आहेत. माझे दिवस आता फार उरलेले दिसत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत या आणि घेऊन जा. छापलीत तर माझ्यामागे छापा, म्हणजे तिला भांडायला कुणी सापडणार नाही.’

सुधा : दिवाळीत या म्हणाले होते.

जयंत : हो.

सुधा : आता पौष लागला.

जयंत : सहामाहीचे पेपर होते, मग मुलीला बघायला येणार होते… नाही वहिनी. खरं सांगतो, आळस केला. तेवढ्यात ते गेल्याचं कळलं. दुःखाच्या घरी लगेच ट्रंक मागायला कसं जायचं, अशीही स्वतःची समजूत घातली. वाटलं, ट्रंक कुठे पळून जातेय.

सुधा : ती मी परत केली.

जयंत : कुणाला?

सुधा : मिलला. चौदाव्या दिवशी. कागद मिलचा, रंग मिलचा, माणूस गेल्यावर दुसऱ्याची वस्तू घरात कशाला ठेवायची? वर मोर दिसले आणि मी झाकण लावलं. अडुसष्टच्या पुरात आम्ही नदीकाठी नानपुऱ्यात होतो. घरात पाणी शिरलं तेव्हा यांनी आधी ती ट्रंक माळ्यावर टाकली, मग मला हात दिला. मी चिडले होते. मिलचे कागद बायकोपेक्षा जवळचे झाले का म्हणून पुष्कळ बोलले. ते नुसते हसत होते. परत केली तेव्हा मॅनेजर म्हणाले, बेन, तमारा जेवुं कोण करे? तुमच्यासारखं कोण करतं! मला अभिमान वाटला हो. यांचं शेवटचं कर्तव्य मी केलं असं वाटलं.

जयंत : मग मिलमध्येच असणार. मी आजच जाऊन हातापाया पडतो.

सुधा : थांबा. समोर हिलालभाऊ राहतात, मिलच्या बॉयलरवर आहेत. ट्रंक त्यांनीच डोक्यावरून नेली होती. हिलालभाऊ, जरा येता का इकडे?

(हिलाल खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत येतो आणि उंबऱ्याशीच बसतो. सुधा त्याच्याकडे बघत नाही. इतकी वर्षं मिलची माणसं शेजारी असल्यावर जुन्या डिझाइनचं काय होतं हे तिने ऐकलेलं आहे, फक्त ते कुणी मोठ्याने बोलू नये असं तिला वाटतंय.)

हिलाल : बोला वहिनी.

जयंत : बेलसरेसाहेबांची काळी ट्रंक मिलमध्ये कुठे आहे?

हिलाल : टाइमकीपरना हापिसमा शे. जुनी कुलपं ठेवतस तिच्यामा.

जयंत : आणि आतले कागद?

हिलाल : जुनं डिझाइन मिलमा ठेवत नही, साहेब. दुसऱ्या मिलवाल्याले सापडलं तं तो आपलीच साडी छापी टाकस. दिवाळीना धंदा सरला का सगळं बॉयलरमा. दर सालचं शे ते.

जयंत : सगळं?

हिलाल : सगळं. मीच टाकलं. मॅनेजर सोता उभा व्हता, एकबी कागद बाहेर जाऊ नये म्हनून.

जयंत : मागच्या बाजूला चित्रं होती, हिलालभाऊ. तुम्हाला दिसली नाहीत?

हिलाल : दिसली ना. म्हनून तं येळ लागला. एकेक उलटा करीसन पाहे. हासू आवरे नही. एकमा मॅनेजर व्हता, खुर्ची घराएवढी आन मानूस टाचणीएवढा. एकमा मी सोता व्हतो. बॉयलरले मी भाकर चारी ऱ्हायनू, घास करी करी, लेकराले चारतस तशी. जिंदगीमा मना कोनी फोटोबी काढेल नही. मी मॅनेजरले म्हटलं, एवढा माले द्या. मॅनेजर म्हने, मांगे डिझाइन शे. मंग तोबी टाकला.

जयंत : दिवाळीत आलो असतो तर…

सुधा : नका बोलू तसं. शपथ मी घातली, लपवायला मी लावलं, आणि मीच नेऊन दिलं. तुम्ही फक्त उशिरा आलात.

हिलाल : वहिनी, माले वाटलं तुम्ही पाहीसनच दिलं. नहीतं मी बोललो असतो.

सुधा : तुमचा काय दोष, भाऊ? मला एक सांगा. त्या चित्रांत मी होते का?

हिलाल : व्हत्यात. एकमा. पक्क्या तुम्हीच, तोच अंबाडा, तोच चष्मा.

सुधा : काय करत होते मी?

हिलाल : दारमा बशेल व्हत्यात. हातमा लाटणं, पोलिसना दंडुका ऱ्हास ना, तसं. आन मांगे साहेब कॉटखाले लपीसन चित्र काढी ऱ्हायनात.

जयंत : त्यावरही हसलात?

हिलाल : नही. त्यावर नही हासनू. कारन वहिनीना दुसरा हात मांगे व्हता, साडीना पदरखाले. त्या हातमा कंदील. कॉटखाले धरेल, साहेबले उजेड पडावा म्हनून.

सुधा : मी कधी कंदील धरला नाही हो. मला माहीतच नव्हतं.

जयंत : त्यांना वाटत असेल, तुम्हाला सगळं कळतं आणि तुम्ही बोलत नाही.

सुधा : किंवा कळावं असं वाटत असेल. खाली काही लिहिलं होतं का, हिलालभाऊ? ते चित्राखाली नेहमी लिहायचे.

हिलाल : व्हतं. दोन ओळी.

सुधा : काय लिहिलं होतं?

हिलाल : माले वाचता येत नही, वहिनी.