गुडघ्याचं दुखणं

(देवळाली प्रवरातल्या एका खासगी दवाखान्याबाहेर, जीपच्या थांब्यावर. मोनिका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दगडाबाई तिची आई.)

मोनिका : तरी पण आई, आजच कशाला आलीस?

दगडाबाई : आजच यायचं हुतं. काल म्हनाली हुतीस ना, उद्या दिसभर टरेनिंग हाय, खिडकीवर न्हाई.

मोनिका : म्हणजे मी नसताना यायचं होतं?

दगडाबाई : व्हय. मला काय ठावं, ती पुन्याची पोरगी बाकड्यावरनं नेमकं मलाच उठवून आत नेईल!

मोनिका : रोहिणी मॅडम. डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा होती. आधी पेशंटचं ऐकायचं, मग दवाखान्यात काय बदलायचं ते ठरवायचं, असं असतं त्यात.

दगडाबाई : लई गोड बोलली. खुर्ची दिली, पानी दिलं. म्हनाली, आजी, खिडकीवर काय तरास होतो? मग आलं तोंडात ते बोलले. मागं रांगेत गडीमानसं, अन् आतली पोरगी वरडून इचारती, काय होतंय? बाईमानसानं काय सांगावं? गुडघा म्हनते. मग धाडत्यात हाडाच्या डाक्टरकडं.

मोनिका : मीपण तसंच ओरडून विचारते.

दगडाबाई : गलका आसतो, बाय.

मोनिका : तू यायच्या आधी आम्ही भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. खिडकीवर खोळंबा का होतो, ते लिहून. मी लिहिलं होतं, 'अडाणी पेशंट खोटं सांगतात.' मोठ्यानं वाचूनही दाखवलं. सगळे हसले. आणि दार उघडून तू आलीस.

दगडाबाई : खरंच हाय की. सांगतेच मी खोटं.

मोनिका : आई, नको ना.

दगडाबाई : मी बघितलं तुला. तू खाली बघाय लागलीस. म्हनलं, पोरीला नको वाटत आसंल. मॅडमनं इचारलं, सोबत कोन हाय? म्हनलं, कुनी न्हाई.

मोनिका : मी उठणार होते.

दगडाबाई : व्हय.

मोनिका : खरंच उठणार होते. तेवढ्यात तुझं ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दगडाबाई : तू बी वाजवल्या.

मोनिका : वाजवल्या. तू गेल्यावर आमच्या गटानं सुचवलं, बायकांसाठी आत वेगळी खोली करू, तिथं नर्सनं विचारायचं. मोठ्या डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. मलाच उभं राहून बोलायला लावलं. मी म्हणाले, एका आजींचं ऐकून आम्हाला सुचलं. एका आजींचं, आई!

दगडाबाई : पर खोली हुनार ना? बायांचं बरं हुईल.

मोनिका : तुला काय होतंय ते सांग.

दगडाबाई : जीप आली बघ.

मोनिका : जाऊ दे तिला. सांग.

दगडाबाई : अंग बाहेर येतंय, पिशवी खाली उतरलीया. वजं उचललं की. धड बसवत बी न्हाई.

मोनिका : कधीपासून?

दगडाबाई : दिवाळीच्या आधीपासनं.

मोनिका : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

दगडाबाई : तू तिथं नोकरीला. तुझ्या सासरच्या गावची मानसं येत्यात. म्हनलं, आपल्यापायी तुझी मान खाली नको.

मोनिका : ऊठ. बायकांच्या डॉक्टरीणबाई अजून आहेत आत.

दगडाबाई : आत्ता? ती टरेनिंगची समदी तिथंच आसत्याल.

मोनिका : असू देत. खिडकीवर मी सांगते.

दगडाबाई : मोने, दुखनं नको सांगूस.

मोनिका : नाही सांगत.

दगडाबाई : आई हाय, येवढंच सांग.