पद्मिनीताई काय म्हणाल्या होत्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नागोयातल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ श्री. उल्हासराव, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि आमच्या विभागाचे प्रमुख निशिमुरा-सान, सत्कारमूर्ती पद्मिनीताई, आणि मुलाबाळांना सांभाळत दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

उल्हासराव मघाशी म्हणाले, "सुलेखाताई, थोडक्यात बोला आणि गोड बोला. मागे पुलाव गार होतोय." गोड बोलण्याचा तर मी पगार घेते. आज त्या गोड बोलण्याबद्दलच सांगायचं आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

आमची कंपनी चंद्रावर माणसं नेणाऱ्या मोहिमेसाठी कुपी, म्हणजे कॅप्सूल, बनवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसं बसवण्याआधी ती रिकामी उडवून पाहतात. कोणत्या रॉकेटवर, हा ताईंचा विषय. छोटं रॉकेट तयार आहे, पण ते कुपीला पृथ्वीभोवतीच्या कक्षेपर्यंतच नेतं. चंद्रावरून परतणारी कुपी त्याहून कितीतरी जास्त वेगाने वातावरणात शिरते आणि तितकीच जास्त तापते. तेवढा वेग द्यायला मोठं रॉकेट लागतं, आणि त्यासाठी थांबावं लागतं.

गेल्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये प्रस्ताव असा होता, की छोट्या रॉकेटवर एक रिकामं उड्डाण करायचं आणि पुढच्या उड्डाणात माणसं बसवायची. ताई मराठीत बोलल्या. त्यांचं इंग्रजी उत्तम आहे, पण शेजारी दुभाषी म्हणून मी असले की त्या मराठीतच बोलतात. एवढा विश्वास! म्हणाल्या, "पॅराशूट तपासायला छोटं रॉकेट ठीक आहे. पण उष्णतारोधक कवचाचं काय? सपाट रस्त्यावर ब्रेक तपासायचे आणि माणसं भरून गाडी खंडाळ्याच्या घाटात सोडायची? माझा याला विरोध आहे. सांग त्यांना."

मी जपानीत काय सांगितलं? "पद्मिनी-सान म्हणतात, छोटं रॉकेट ठीक आहे. कवचाचा पुढे आणखी अभ्यास झाला तर बरं."

निशिमुरा-सान यांनी मान डोलावली. प्रस्ताव मंजूर झाला.

मी खोटं बोलले का? वाक्य ताईंचंच होतं, फक्त त्यातला ताईंचा विरोध मी काढून घेतला होता. नंतर कितीदा मनाशी म्हटलं, की इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना सांभाळलं. इथे विरोध मीटिंगच्या आधी, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन सांगायचा असतो, भर बैठकीत नाही. पण मग ती रीत ताईंना आधी कोणी सांगायची होती? मीच ना? आणि सांभाळ म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं का? खरं म्हणजे मी स्वतःला सांभाळलं. "सुलेखा-सान असल्या की मीटिंग सुरळीत होते," हे ऐकायची मला चटक लागली आहे.

त्या संध्याकाळी सबवेत ताई म्हणाल्या, "ते नाही म्हणाले असते तरी चाललं असतं गं. पण एकानेसुद्धा एक प्रश्न विचारला नाही. मग मी इथे बसायचं तरी कशाला?"

मी म्हटलं, "इथे असंच असतं हो, ताई."

आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. कौटुंबिक कारणासाठी त्या पुण्याला परत निघाल्या आहेत, असं तुमच्या निमंत्रणात लिहिलं आहे. तो शब्दसुद्धा मीच सुचवला. ऐकायला बरा वाटतो म्हणून.

उल्हासराव, चिठ्ठी पाठवू नका, फार लांबवत नाही. तुमच्या रुचावहिनी निशिमुरा-सान यांच्या शेजारी बसून हे सगळं त्यांना जपानीत सांगताहेत. वहिनी, कृपा करून काही मऊ करू नका.

निशिमुरा-सान यांना मी परवाच हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पद्मिनी-सान यांना मान्य नव्हतं?" नव्हतं, म्हटलं. "आणि त्या जाताहेत, त्या यामुळे?" हो, म्हटलं. तेव्हा, आपण स्वतःहून काही विचारलं नाही म्हणून, त्यांनीच माझ्यापुढे मान लववली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

छोट्या रॉकेटचा करार अजून झालेला नाही. ते म्हणाले, आधी ताईंना तुम्ही सांगा. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ताई, तुमचं बोलणं मी चारचौघांत बदललं, म्हणून ते चारचौघांतच दुरुस्त करावं, असं मनाला पटवलं. की एकटीने तुमच्यासमोर उभं राहायची भीती वाटली? अजून ठरवता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात. बरोबरच आहे.

निशिमुरा-सान यांना ताईंना काही विचारायचं आहे. मोठ्या रॉकेटवरचं रिकामं उड्डाण आधी घ्यायचं, तर काय काय बदलावं लागेल? ताई, तुम्ही उत्तर द्या, नाहीतर देऊ नका. थांबा, नाहीतर ठरल्याप्रमाणे जा. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. भाषांतर रुचावहिनी करतील. मी करणार नाही.

मंडळाने मला बोलू दिलं, निशिमुरा-सान शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि तुम्हीही कोणी उठून गेला नाहीत, याबद्दल मनापासून आभार. या भाषणात काही उणंअधिक बोलले असेन तर ते पोटात घाला. त्या दिवशीचं मात्र, ताई, पोटात घालू नका.