फाटकापर्यंत हळूहळू

तुम्ही कधी एखाद्या कंपनीशी घासाघीस केली आहे का? मी केली. बोरगावला आम्ही राहायचो त्या चाळीच्या साठही खोल्या एका मोठ्या कंपनीच्या होत्या. भाडं पन्नासाचं साठ झालं, तशी मी थेट ऑफिसात गेले.

"पंचावन्न घ्या न, साहेब."

"साठच, बाई. इथं भाव होत नाई."

"मंग राहू द्या. खोलीच नाई पाह्यजे मले," म्हणत मी उठले. सेलूच्या बाजारात असं म्हणून चार पावलं गेलं, की भाजीवाली हाक मारतेच. मी फाटकापर्यंत अगदी हळू चालले. हाक आली नाही. वळून पाहिलं, तर साहेब वहीत काहीतरी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत असताना कंपनीचा माणूस नव्या बिऱ्हाडाला आमची खोली दाखवायला आला.