बर्फातलं कार्ड आणि व्हर्नाबाईंचा हातोडा

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सॉ मिलचे मालक माननीय टॅगर्टसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती व्हर्नाबाई होल्मक्विस्ट, आणि कॉफी निवत चालली तरी शांत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षं पगाराचं काम सांभाळून व्हर्नाबाई आज निवृत्त होत आहेत. माझं आयुष्य करवतीच्या आवाजात गेलं, तेव्हा जरा मोठ्यानं बोललो तर रागावू नका.

मिलमध्ये आरोग्य बचत खातं सुरू झालं, तेव्हा बाईंनी कँटीनमध्ये समजावलं होतं, "पगारातून पैसे वळते होतील, त्यावर कर नाही. दुखण्याखुपण्याला वापरा. उरले तर बुडत नाहीत, साठत जातात." मी पठ्ठ्या शेवटचं वाक्य तेवढं घेऊन घरी गेलो! खात्याचं कार्ड पाण्याच्या डब्यात घातलं आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. हात शिवशिवले तरी बर्फ वितळेपर्यंत अक्कल ठिकाणावर येते, ही आमच्या घरची जुनी युक्ती.

नऊ वर्षं डबा तसाच होता. मग माझी बायको, मेव्हिस, खोकायला लागली. डॉक्टरांनी फुफ्फुसांचं स्कॅन सांगितलं. विमा असला तरी पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात, हे इथं कुणाला सांगायला हवं? मेव्हिस म्हणाली, "साधा खोकला आहे रे. ते पैसे म्हातारपणासाठी ठेवलेत ना?" आणि मी, सांगायला लाज वाटते, मान डोलावली.

चर्चच्या जेवणाला मेव्हिसच्या रोडावलेल्या अंगावर लोंबणारा कोट व्हर्नाबाईंनी पाहिला, आणि स्कॅन का लांबलंय ते तिच्याकडून काढून घेतलं. पुढच्या शनिवारी त्या आमच्या दारात उभ्या. "कार्ड कुठाय?" मी फ्रीजर उघडून दाखवला.

"लाइल, अरे शहाण्या, पैसे कशासाठी साठवलेस? आजारपणासाठीच ना? मग ती आजारी आहे!"

गाडीतून हातोडा आणून त्यांनी आमच्या सिंकमध्ये बर्फ फोडला. सोमवारी स्कॅन झालं.

उशीर झालाच होता. पण आणखी दोन महिने गेले असते तर करण्यासारखं काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मेव्हिस पुढे साडेतीन वर्षं जगली. तिनं नातीचं लग्न पाहिलं, भोपळ्याच्या 'पाय' पेस्ट्रीत साखर किती घालायची यावरून माझ्याशी भांडली. खातं रिकामं झालं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. दुःख आहे ते त्या दिवशी डोलावलेल्या मानेचं, आणि ते माझ्याबरोबरच जाईल.

व्हर्नाबाई, तुमचा हातोडा तेव्हापासून आमच्याकडेच राहिला. "लोकांची वस्तू लोकांना परत दे," असं मेव्हिसनं शेवटच्या आठवड्यात मला बजावलं होतं. हा घ्या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. करवतीवरचा माणूस, काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि आज घरी गेल्यावर ज्यांच्या फ्रीजरमध्ये असा डबा सापडेल, त्यांनी व्हर्नाबाईंना फोन करावा. हातोडा आता त्यांच्याकडे आहे.