शेवाळाचा उपयोग काय?

...नाही, तुम्हीच सांगा, शेवाळानं कुणाचं काय घोडं मारलंय? भिंतीला चिकटून बसतं बिचारं, रजा मागत नाही, बढती मागत नाही... आणि त्याच्यापायी माझ्या बायकोनं अकरा वर्षं घातली, तर सरकारच्या पोटात दुखावं? मी चष्मे विकणारा माणूस, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण लग्न करून बसलोय ना शास्त्रज्ञ बाईशी! घरी आलेला पाहुणासुद्धा विचारायचा, "वहिनी, या शेवाळाचा उपयोग काय?" आणि ही तोंडभर हसून सांगायची, "अजून माहीत नाही!" अहो, असं सांगतात का? काहीतरी ठोकून द्यावं की नाही!

तर तुम्हाला सांगतो, हे शेवाळ साधंसुधं नाही. वर्षानुवर्षं खडखडीत वाळून पडतं, आपल्याला वाटतं, गेलं, आटोपलं... आणि चार थेंब पाणी पडलं की पाच मिनिटांत हिरवंगार! सुकताना त्याच्या आतला नाजूक माल मोडत कसा नाही, एवढंच हिला शोधायचं होतं. सरकारी पैशावर. मग कुणाच्या? माझ्या चष्म्यांच्या?

आणि आली समिती! देश म्हणे जगाच्या शर्यतीत मागे पडतोय, पहिल्या पाचात यायचंय. हिला समितीपुढे बोलावलं, हिनं मला बरोबर नेलं, कारण शेवाळाची खोकी उचलायला कुणीतरी हवं. समोर अध्यक्ष, टाय एवढा आवळलेला की आवाज नाकातून, "बाईऽ, याचा उपयोग काऽय?" मी मागून खुणा करतोय, औषध सांग, खत सांग, काहीही सांग! ही म्हणते, "अजून माहीत नाही." "मग कधी कळेऽल?" "तेही माहीत नाही." "साधारण तारीऽख?" अहो, तारीख माहीत असती तर शोधायचं काय राहिलं? ...असं मी म्हणालो नाही. मनात म्हणालो. हातात खोकी होती.

जिन्यात ही थांबली. म्हणाली, "अहो, मी खोटं बोलायला हवं होतं का?" मी म्हटलं, "थोडंसं." तिनं माझ्या हातातलं एक खोकं घेतलं आणि उतरायला लागली... ते 'थोडंसं' अजून मला टोचतंय.

महिन्याभरात पत्र. काम बंद, प्रयोगशाळेची खोली रिकामी करा, तिथे राष्ट्रीय स्पर्धा कक्ष येणार! हमाल आले, कपाटं उचलायला लागले. मुकादम आतली वाळल्या शेवाळाची पाकिटं हुंगून म्हणतो, "बाई, हे वाळकं गवत कचऱ्यातच ना?" हिनं एक पाकीट उघडलं, बशीत पाणी शिंपडलं. सगळे कपाट टेकवून उभे. हळूच एक पान उलगडलं, मग दुसरं, मग बशीभर हिरवं... मुकादमाचा आ वासलेला! आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत हा पहिला माणूस, ज्यानं 'उपयोग काय' विचारलं नाही. म्हणाला, "बाई, अजून एकदा करा ना!" ही पाठमोरी झाली. डोळे पुसत होती की बशी, मला दिसलं नाही. मला दिसलं नाही म्हणजे... मी बघितलं नाही.

हिची एक विद्यार्थिनी होती, आम्ही तिला चिमणी म्हणायचो, ती परदेशी निघाली. हिनं पाकिटं, वह्या, सगळं तिला दिलं. आणि शेवाळ देशाबाहेर न्यायची परवानगी? आठवड्यात! 'निरुपयोगी' असा ठसठशीत शिक्का मारून! चिमणी निघताना रडकुंडीला आली, "बाई, तिथेही विचारतील, उपयोग काय?" ही म्हणाली, "मग खरं ते सांग." तिनं सांगितलं, अजून माहीत नाही. तिथले लोक म्हणाले, बरं, बस, शोध. बसली सात वर्षं. आणि निघाली की हो लस! शेवाळाच्याच युक्तीनं वाळवलेली, फ्रिज लागत नाही, उन्हात ठेवा, पाणी घाला, टोचा! आमच्या सरकारनं जहाजं भरभरून विकत घेतली.

आणि मध्यंतरी टायवाल्या अध्यक्षांचा फोन, "बाईऽ, आपण मागे का पडलो यावर अहवाल लिहाऽल?" मी म्हटलं, फोन आपट! ही शांतपणे बसली, तीन आठवडे लिहीत होती. अहवाल कपाटात गेला. त्यावर शेरा काय, तर 'उपयुक्त'!

मग काल दवाखान्यात आमचा नंबर लागला. परिचारिका कौतुकानं बाटली दाखवते, "बाहेरची आहे हो! आपल्याकडे कुणाला सुचतंय असलं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं माझा हात दाबला. बाटली उजेडात धरून बघितली, आणि म्हणाली, "छान वाळवलंय चिमणीनं."

मी दंड पुढे केला. दुखलं? दुखलं की! पण म्हटलं, जाऊ दे... बायकोचं संशोधन सरकारनं शेवटी माझ्यापर्यंत पोचवलं, आणि तेही अगदी खोलवर!