ठासणीची बंदूक

बोईसरच्या एसटी स्टँडवर जागृती तारापूरच्या गाडीची वाट बघत रांगेत उभी होती. तिच्या मागे दोन होणारे व्याही. लग्न ठरलेल्या पोरांना घेऊन काऊबॉयचा पिक्चर बघून आलेले. पोरं उसाचा रस आणायला गेलेली.

"वामनराव, जुनाच पिक्चर बरा होता. या नव्यात बंदूकच चुकीची हाय."

"बंदूक ती बंदूक, हरेश्वरभाऊ. मानूस मेला ना?"

"चुकीच्या बंदुकीनं मेला! त्या काळात ठासणीची बंदूक. नळीत दारू ठासायची, मंग बार. हा धडाधड काडतुसं उडवतो."

"ठासत बसला असता तर इंटरवलच्या आधी हिरोच मेला असता."

"म्हंजे तुमाला दोनी सारख्याच?"

"आमी मच्छीवाले. आमाला बंदुकीचं काय?"

"मंग बोंबील सांगून कोनी मांदेली दिली तर घ्याल?"

"मच्छीवर जायचं नाय, सांगून ठेवतो!"

"ज्या घरात ठासणी न् काडतूस एकच, त्या घरात माझी सपना मी देनार नाय!"

"नका देऊ! आमचा कमलेश काय रस्त्यावर पडलाय?"

तारापूरची गाडी आली. जागृतीनं ती जाऊ दिली.

तेवढ्यात सपना आणि कमलेश रसाचे ग्लास घेऊन आले.

"कमलेश, तू सांग," वामनराव गरजले. "पिक्चरमदली बंदूक बरोबर होती का चुकीची?"

कमलेशनं सपनाकडं बघितलं. सपना ग्लासात बघू लागली.

"बंदूक होती पिक्चरमदी?"

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"वामनराव," हरेश्वरभाऊ हळूच म्हणाले, "लग्नाची तारीख जरा अलीकडची बघूया का?"

"याच महिन्यातली बघू."